लॉक बसतं पण खुळखुळतं: फट कमी न करता जॉइंटचा खडखडाट घालवायचा कसा

पार्ट एकात एक सरकतो, शेवटी टक असा आवाज येऊन लॉक बसतं, सगळे खूश, आणि हातात घेऊन हलवलं की आतून खुळखुळ. मग माणूस सीएडी उघडतो, फट ०.२ मिमीची ०.१ करतो, परत थ्रीडी प्रिंट काढतो, आता पार्ट आतच जात नाही, पॉलिश पेपर घासून घासून एकदाचा घातला की चार वेळा काढ-घाल केल्यावर परत सैल. नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात आम्ही सेन्सरचे डबे, मीटरची कव्हरं, भिंतीवरचे ब्रॅकेट असलं छोट्या बॅचचं काम करतो आणि हा प्रॉब्लेम इतक्या वेळा समोर येतो, दर वेळी तोच फट कमी करायचा उपाय आधी केलेला असतो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. फट लागतेच, ती काढून टाकता येत नाही. आपल्याला फक्त एवढं करायचंय की पार्ट त्या फटीत एका ठरलेल्या बाजूला कायम दाबून बसला पाहिजे. एक बाजू कडक, ती जागा ठरवणार. समोरची बाजू स्प्रिंगसारखी किंवा पाचरीसारखी, ती ढकलणार. बाकीचं सगळं याचाच तपशील आहे.

फट का काढता येत नाही त्याचा हिशोब सोपा आहे. समजा खाचेची रुंदी मशीनवर ०.१ मिमी इकडेतिकडे होते आणि आत जाणारी जीभ पण ०.१ इकडेतिकडे. ड्रॉइंगमध्ये फट ठेवली ०.२. आता रुंद खाच आणि बारीक जीभ एकत्र आली तर फट ०.४, उलटं झालं तर शून्य. म्हणजे एकाच बॅचमधली एक जोडी लडबडणार आणि दुसरीला हातोडी लागणार, दोन्ही पार्ट ड्रॉइंगप्रमाणे बरोबर असूनसुद्धा. नॉमिनल फट ०.१ केली की फक्त आकडे सरकतात, पसारा तेवढाच राहतो. मेटलमध्ये सीएनसी आणि ग्राइंडिंगवर एच७-जी६ फिट (भोक आणि शाफ्टच्या मापांची ठरलेली बारीक जोडी) देता येतो, १० मिमीच्या शाफ्टला त्यात फट ५ ते २९ मायक्रॉन पडते, तिथे ही भानगड कमी. पण प्लास्टिक मोल्डिंगमध्ये, ०.४ नोझलच्या प्रिंटरवर किंवा लेझरवर कापलेल्या एमडीएफमध्ये तेवढी अचूकता मागण्यात काही अर्थ नाही, मिळाली तरी दमट हवेत टिकत नाही.

आधी आवाज नेमका कुठून येतो ते बघा

हे बरेच जण करतच नाहीत आणि थेट उपायाला लागतात. एक पार्ट व्हाइसमध्ये किंवा टेबलावर घट्ट धरा, दुसरा हाताने एकेका दिशेने हलवा: डावी-उजवी, वर-खाली, आत-बाहेर, मग पिळून बघा, तिन्ही अक्षांवर. बहुतेक वेळा सगळ्या दिशांना प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, नसतो, एक किंवा दोन दिशा गुन्हेगार असतात, आणि आपण मात्र सगळीकडची फट आवळत बसतो. दिशा कळली की साध्या झेरॉक्स कागदाची पट्टी घ्या, ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, एकेका फटीत सरकवून परत हलवा. ज्या ठिकाणी कागद घातल्यावर आवाज बंद झाला ती जागा, आणि जितके थर लागले तितकी फट. फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) असेल तर उत्तमच, पण कागद वाकड्या कोपऱ्यातसुद्धा जातो.

दुसरी टेस्ट मार्करची. जिभेला सगळीकडून व्हाइटबोर्ड मार्कर फासा, आत सरकवा, बाहेर काढा आणि रंग कुठे पुसला गेलाय ते बघा. जुने फिटर प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग लावून हेच करतात. आपल्याला वाटत असतं की पूर्ण फेस टेकलाय आणि प्रत्यक्षात मधे एक टेंगूळ असतं, त्यावर पार्ट डुलत असतो, दोन्ही टोकं हवेत. प्रिंट असेल तर पहिल्या लेयरचा बाहेर आलेला ओठ हा पहिला संशयित. तो खाली पसरल्यामुळे खाचेचं तोंड टाइट लागतं, आपण सगळी खाच मोठी करतो आणि आतला भाग सैल होतो. तिथे ०.४-०.५ मिमीचा चॅम्फर, म्हणजे कडेला तिरका काप, दिला की अर्धा त्रास जातो, खाच मोठी करायची गरजच पडत नाही.

अजून एक, खडखड आणि कुरकुर या वेगळ्या गोष्टी आहेत. खडखड म्हणजे दोन पार्ट सुटून परत आपटतात. कुरकुर म्हणजे ते टेकलेलेच आहेत पण घासताना अडकतात आणि सुटतात. कुरकुरीला दाब वाढवला तर ती अजून वाढते, तिथे एका बाजूचं मटेरियल बदला किंवा ग्रीस लावा. एबीएस प्लास्टिकवर एबीएसच घासलं की हमखास कुरकुरतं.

डव्हटेलचं उदाहरण, कारण सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच

ऐरोलीच्या एका सोसायटीच्या पंप रूममध्ये टाकीची लेव्हल दाखवणारा डबा भिंतीवरच्या ब्रॅकेटवर डव्हटेलने (आत रुंद, तोंडाशी अरुंद अशा खाचेत सरकणाऱ्या जिभेने) सरकवून बसवलेला होता, पंप चालू झाला की डबा ब्रॅकेटवर थडथडायचा, आणि वॉचमन दर वेळी त्यात पुठ्ठा कोंबायचा. डब्याचं वजन बॅटरीसकट २०० ग्रॅम. ज्यांनी डिझाइन केलं होतं त्यांनी साइडने फट कमी करून बघितली होती, पण डबा दर महिन्याला बॅटरीसाठी काढायला लागायचा, आणि टाइट डबा ओढताना ब्रॅकेटच भिंतीतून सुटायला लागला.

आता डव्हटेलची एक खुबी आहे जी लोक वापरत नाहीत. त्याच्या दोन्ही बाजू तिरक्या असतात. म्हणजे जिभेला मागून, पाठीच्या मधोमध, भिंतीपासून दूर ढकललं तर ती दोन्ही तिरक्या फेसवर एकाच वेळी जाऊन बसते, डावी-उजवी हालचाल पण गेली आणि आत-बाहेर पण गेली, वर जीभ आपोआप सेंटरला येते. एका स्प्रिंगमध्ये दोन दिशांचा प्ले संपला. साइडने दाबायचं असेल तर लेथच्या क्रॉस स्लाइडसारखी गिब पट्टी, म्हणजे फट भरणारी वेगळी पट्टी, लागते, ती मशीनमध्ये योग्य आहे कारण तिथे स्क्रूने परत आवळता येते आणि कटिंगचा लोड घ्यायचा असतो, पण क्लिप होणाऱ्या डब्याला एवढा खटाटोप कशाला. टी आकाराच्या खाचेत, म्हणजे टी-स्लॉटमध्ये, मात्र ही सोय नाही, तिथे तिरका फेसच नसतो, त्यामुळे दोन दिशांसाठी दोन वेगळ्या स्प्रिंग लागतात. म्हणून जिथे चॉइस असेल तिथे मी टी-स्लॉट टाळून डव्हटेल घेतो.

ब्रॅकेटच्या पाठीत यू आकाराची चीर देऊन एक बोट मोकळं केलं, टोकाला बारीक उंचवटा, डबा सरकला की बोट अर्धा मिमी मागे दबतं. दाब किती ठेवायचा ते अंदाजाने ठरवू नका, हिशोब छोटा आहे. २०० ग्रॅमच्या डब्याला कंपनाचा २ जीचा (वजनाच्या दुप्पट) झटका धरला तर साधारण ४ न्यूटन. बोटाचा दाब कायम त्याच्या वर राहिला तर डबा फेसवरून सुटणार नाही, सुटला नाही तर आपटणार नाही. आता बोट: एबीएस, लांबी २० मिमी, रुंदी ८, जाडी ३, दबणं ०.५. कॅन्टिलिव्हरच्या (एका टोकाला धरलेल्या पट्टीच्या) नेहमीच्या फॉर्म्युल्याने, मॉड्युलस (मटेरियलचा ताठपणा) २२०० एमपीए धरून, जवळपास ७.४ न्यूटन येतात. फटीचा पसारा वर सांगितलेला, नॉमिनलपासून दोन्हीकडे ०.२, तो धरला तर बोट ०.३ ते ०.७ मिमी दबेल, म्हणजे दाब साधारण ४.४ ते १०.४ न्यूटन. सगळ्यात सैल जोडीतसुद्धा ४ च्या वर आणि सगळ्यात टाइट जोडीतसुद्धा हाताने सहज निघेल एवढाच. मशीनची अचूकता कणभर वाढवली नाही, फक्त तोच पसारा बोटाला गिळायला दिला.

जाडीशी खेळताना जपून, दाब जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ३ ची जाडी १.५ केली तर दाब आठव्या हिश्श्यावर येतो, आणि लांबी दुप्पट केली तरी तेच. "बोट दिलं होतं पण फरक पडला नाही" असं सांगणाऱ्यांचं बोट बहुतेक वेळा १-१.२ मिमीचं असतं, ते दिसायला स्प्रिंग असतं पण दाबत काहीच नाही.

तिरक्या फेसवर मधला भाग ०.३ मिमी खोल घ्या, म्हणजे जीभ फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला टेकते. पूर्ण लांबीचा फेस टेकवायला गेलात तर कुठेतरी टेंगूळ येणारच. तीन पायांचं स्टूल कुठेही डुलत नाही आणि चार पायांचं डुलतं, तसंच आहे हे, टेकायच्या जागा कमी आणि लांब-लांब असाव्यात आणि ढकलणारं बोट त्यांच्या मधे असावं. बोट टेकणाऱ्या जागांच्या बाहेर गेलं तर डबा उलट तिरका होतो.

सरकायच्या दिशेचा प्ले

डव्हटेलच्या बोटाने दोन दिशा सुटतात, राहते सरकायची दिशा. खाली स्टॉप असतो आणि वर हुक. इथे सगळे जण हुकचं मागचं तोंड बरोबर ९० अंशात काढतात. मग हुक पलीकडे पडायला मागे थोडी जागा सोडावीच लागते, आणि तीच जागा नंतर वाजते. त्या तोंडाला १५ अंशाचा उतार द्या. हुकची पकड २ मिमी असेल तर या उतारावर साधारण अर्धा मिमी फरक मावतो, हुक पूर्ण खाली न पडता उतारावर जिथे टेकेल तिथे थांबतो, आणि स्वतः थोडा वाकलेला राहून डब्याला स्टॉपवर दाबत राहतो. प्लास्टिकवर प्लास्टिकचं घर्षण ०.३ धरलं तर १६-१७ अंशापर्यंतचा उतार ओढल्यावर सुटत नाही. लोड जास्त असेल किंवा कंपन सतत असेल तर १० वर या. ४५ अंश देऊ नका, ते आरामात सुटतं, तो उतार आत शिरायच्या बाजूला ठीक आहे.

हुकचं बोट मोडत असेल तर ताण बघा: दीड गुणिले जाडी गुणिले वाकणं, भागिले लांबीचा वर्ग. जाडी २, वाकणं २, लांबी २० असेल तर १.५ टक्के, आरामात. लांबी १० केली की तोच आकडा ६ टक्के, आणि पीएलएचं (थ्रीडी प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकचं) बोट तिथे कडाड. जागा नसेल तर चीर देऊन बोट आडवं किंवा एल आकारात फिरवा, पण लांबी मिळवाच. प्रिंट करताना बोट बेडवर आडवं पडलं पाहिजे. उभं प्रिंट केलेलं बोट लेयरवरून सुटतं, त्याला इन्फिल (आतला भराव) वाढवून काही होत नाही.

पाचर कधी

ज्या जॉइंटला स्प्रिंगवर सोडता येत नाही, म्हणजे लोड मोठा किंवा स्टँडसारखं काहीतरी, तिथे टेपर. एक बाजू सरळ, दुसरी तिरकी, पूर्ण प्रवास मोकळा आणि शेवटच्या काही मिमीत घट्ट. टेपर किती हा प्रश्न नेहमी येतो. १:५० (५० मिमी लांबीत १ मिमी फरक) हा टेपर पिनचा, मोर्स टेपर साधारण १:२०, ते बघून लोक प्लास्टिकच्या जॉइंटलाही १:५० देतात. पण बघा, रुंदीत ०.१ मिमीची चूक झाली तर १:५० मध्ये पार्ट ५ मिमी आधी किंवा ५ मिमी नंतर थांबतो. वरचा काठ फ्लश यायला हवा असेल तर मेलो. १:१० घेतला तर तीच चूक १ मिमीत आटोपते, कोन पावणेसहा अंशाच्या आसपास, म्हणजे घर्षणाने अडकून राहायला अजूनही पुरेसा लहान. काठ फ्लश हवाच असेल तर थांबण्याची जागा टेपरवर सोडा आणि फ्लश दिसायचं काम वेगळ्या कव्हरकडे द्या. दोन्ही गोष्टी एकाच फेसकडून करून घ्यायला गेलं की एक बिघडते. आणि खाली स्टॉप आणि बाजूला टेपर असं दोन्ही कडक ठेवू नका, आधी जो टेकेल तो जिंकतो आणि दुसरा वाजतो.

फिरवून लावायचे बायोनेट असतील तर लगच्या (बाहेर आलेल्या कानाच्या) वरच्या फेसला हलका रॅम्प द्या, फिरवताना झाकण खाली ओढलं जातं, आणि खाली ओ-रिंग किंवा सिलिकॉनचा वॉशर ठेवा. घरातला दोन पिनांचा जुना बल्ब होल्डर उघडून बघा, आतले स्प्रिंगवाले दोन कॉन्टॅक्ट बल्बला बाहेर ढकलत राहतात, म्हणून खाच एवढी ढगळ असूनही बल्ब हलत नाही. ओ-रिंग न घालता नुसता रॅम्प दिला तर तो झिजतो आणि वर्षभरात परत तीच गत.

दोन जिभा, दोन खाचा असतील तर एकीलाच जागा ठरवू द्या. दुसरीची खाच मोकळी ठेवा, तिने फक्त फिरणं अडवावं. फिक्स्चरमध्ये एक गोल पिन आणि एक डायमंड पिन (दोन बाजूंनी छाटलेली) ठेवतात ते याचसाठी. दोन्ही टाइट केल्या की पिच जराही चुकला तर पार्ट बसत नाही, मग दोन्ही सैल करतात, आणि खुळखुळ सुरू.

मोल्डला जाताना

प्रिंटमध्ये शांत असलेला जॉइंट मोल्डिंगमध्ये वाजायला लागतो, याचं कारण बहुतेक वेळा ड्राफ्ट, म्हणजे पार्ट डायमधून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला उतार, असतो. १ अंश ड्राफ्ट म्हणजे १० मिमी खोलीत एका बाजूला ०.१७ मिमी. जीभ आणि खाच यांचे ड्राफ्ट उलट दिशेने निघाले तर दोघी फक्त एका कडेवर टेकतात आणि त्या कडेवर डुलतात. दोन्ही एकाच दिशेने काढता आले तर तोच ड्राफ्ट पाचर बनतो, फुकटात. हे डाय सुरू व्हायच्या आधी टूलरूमवाल्याबरोबर बसून ठरवा, स्टील कापल्यावर पार्टिंग लाइन (डायचे दोन भाग जुळतात ती रेघ) बदलत नाही.

दाबणारा उंचवटा किंवा क्रश रिब (बसताना चेपली जाणारी बारीक कड) सुरुवातीला मुद्दाम कमी उंचीची ठेवा. पार्टवर प्लास्टिक वाढवायचं म्हणजे डायमधून स्टील काढायचं, ते ईडीएमवर (ठिणग्यांनी स्टील झिजवणाऱ्या मशीनवर) होतं. प्लास्टिक कमी करायचं म्हणजे डायमध्ये वेल्डिंग, आणि त्याची फिनिश कधीच पहिल्यासारखी येत नाही. त्यामुळे पहिल्या ट्रायलला पार्ट थोडा सैल आला तर घाबरू नका, तसंच यायला हवं.

आणि डाय झाल्यावर मटेरियल बदलू नका. एबीएस ०.४ ते ०.७ टक्के आकसतं, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) १ ते अडीच टक्के. १०० मिमीच्या डब्यात हा फरक दीड-दोन मिमीपर्यंत जातो. परचेसने स्वस्त ग्रेड आणली म्हणून जॉइंट वाजायला लागलेले मी बघितलेत, आणि मग डिझाइनला नावं ठेवतात.

ऊन आणि पाऊस

स्प्रिंगचं बोट कायम दाबलेलं राहणार असेल तर पीएलए नको. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतं, मे महिन्यात घोडबंदरला उन्हात बंद उभ्या गाडीत ठेवलं तर बोट वाकल्या जागी तसंच बसतं आणि नंतर दाबच देत नाही. घरात सावलीत असलं तरी कायम दाबलेलं पीएलए हळूहळू ढिलं पडतं, म्हणून लॉक पहिल्या दिवशी छान आणि दिवाळीपर्यंत खुळखुळ. पीईटीजी साधारण ८० पर्यंत, एबीएस १०० च्या पुढे. मोल्ड करायचं असेल तर स्प्रिंगसाठी ॲसिटल प्लास्टिक सगळ्यात भरवशाचं. कायम दाबात राहणाऱ्या बोटाचा ताण मी १ टक्क्याच्या आत ठेवतो. वरच्या डव्हटेलच्या बोटात तो ०.५६ टक्के येतो, नॉमिनल दाबाला.

नायलॉन चिवट आहे म्हणून लोक निवडतात, पण नायलॉन ६ नुसत्या ५० टक्के दमट हवेतसुद्धा वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी पितं आणि फुगतं, आपल्याकडे जुलैत हवा त्याच्या कितीतरी वर असते. मशीनवरून गरम उतरलेल्या नायलॉनवर फिट तपासून पास करू नका, काही दिवस उघड्यावर ठेवून मग तपासा. एमडीएफचंही तेच, वर त्याची आणि ॲक्रिलिकची जाडी शीटवर लिहिलेली असते तशी कधीच नसते, ३ ची शीट व्हर्नियरने मोजूनच खाच काढा.

तपासायचं कसं

पूर्ण डबा प्रिंट करत बसू नका. फक्त जॉइंटचा तुकडा कापून घ्या, फट ०.१, ०.१५, ०.२, ०.२५, ०.३ अशी पाच तुकड्यांत, प्रत्येकावर आकडा कोरलेला, त्याच मशीनवर, त्याच रोलमधून आणि त्याच दिशेने ठेवून. बोटासकट तपासा, बोट नसताना तपासलेली फट काहीच सांगत नाही. यातली जी फट बोट काढल्यावर सहज सरकते आणि बोट असताना गप्प बसते ती घ्या, सगळ्यात घट्ट वाटते ती नको. मग तो तुकडा स्कूटरच्या डिकीत टाकून ठाणे-बेलापूर रोडला एक फेरी मारा, टेबलावर हलवून जे ऐकू येत नाही ते तिथे ऐकू येतं.

जे पार्ट आधीच बनून बसलेत त्यांचं काय? सुपरग्लू नको, डबा उघडायचाय. मोकळ्या बाजूला फेल्टची किंवा पातळ पोरॉन फोमची चिकट पट्टी लावा, तीही स्प्रिंगच आहे, फक्त कमजोर. साधा पॅकिंगचा फोम नको, तो एकदा दबला की परत फुगत नाही. पट्टीच्या वर एक गुळगुळीत टेप लावा म्हणजे सरकवताना ती गोळा होत नाही. आणि पट्टी जागा ठरवणाऱ्या कडक भिंतीच्या बाजूला लावू नका, समोरच्या बाजूला लावा, नाहीतर आख्खा डबा पट्टीच्या जाडीएवढा सरकतो आणि खालच्या केबल ग्लँडचं भोक भिंतीवरच्या पाइपला जुळत नाही.